भाऊ आणि सख्खा भाऊ

आयर्लंडच्या पश्चिमेला क्लेअर काउंटीत एनिस नावाचं गाव आहे. फर्गस नदीच्या दोन प्रवाहांमधल्या जमिनीवर ते वसलं, म्हणून आयरिश भाषेत त्याचं नाव इनिस, म्हणजे बेट. या बेटावर तेराव्या शतकात, १२४०च्या सुमारास, ओ'ब्रायन राजांनी फ्रान्सिस्कन संन्याशांसाठी एक मठ बांधून दिला. तो अजून उभा आहे. पूर्वेच्या भिंतीत पाच उंच, अरुंद खणांची खिडकी आहे, आणि आतल्या दगडात कोरलेला संत फ्रान्सिस हातांवरच्या जखमा दाखवत उभा आहे. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या राजाने मठांवर टाच आणली. पुढे इथे काही काळ न्यायालय भरलं, नंतर १८७१पर्यंत प्रॉटेस्टंट पंथाचं चर्च होतं. इंग्रजीत याचं नाव 'फ्रायरी'. फ्रायर राहतात ती फ्रायरी.

फ्रायर म्हणजे भाऊ. हा शब्द इंग्रजीत आला फ्रेंच 'फ्रेर'वरून, आणि फ्रेंचमध्ये लॅटिनच्या 'फ्रातेर'वरून. असिसीच्या फ्रान्सिसने आपल्या सोबत्यांना जे नाव दिलं, त्याचा साधा अर्थ धाकट्या भावांचा पंथ असा आहे. मानाने धाकटे, कुणाच्याही वर न बसणारे. आयरिश भाषेत या मठवासीयांना 'ब्राहिर' म्हणतात. लिहिताना त्यात 'थ'चं अक्षर असतं, पण आयरिश जिभेने त्याचा 'ह' करून टाकला आहे. तो 'थ' परत जागेवर ठेवला की 'ब्राथिर' होतो, आणि मग संस्कृतमधला 'भ्रातर्' समोर येऊन उभा राहतो. आपल्या जिभेने त्याच जागेवरचा 'त' पुसून टाकला. भ्रातृकचा प्राकृतात 'भाउअ' झाला, आणि मराठीत 'भाऊ'. हजारो मैलांच्या अंतरावर, एकमेकांची काहीच खबर नसताना, दोन भाषांनी एका शब्दाच्या मधलं तेच व्यंजन झिजवलं.

या गावात राहायला आले तेव्हा मला आयरिशचा गंधही नव्हता. नवऱ्याची नोकरी शॅननच्या औद्योगिक वसाहतीत, विमानतळाला लागून, आणि एनिस तिथून जवळ. रस्त्यावरच्या पाट्यांवर वरती आयरिश आणि खाली इंग्रजी असतं. त्या पाट्या वाचत वाचत मी प्रौढांच्या संध्याकाळच्या वर्गात जाऊन बसले. दहापर्यंत आकडे म्हणताना 'त्री', 'ओख्त', 'नी', 'देह' असे ओळखीचे आवाज कानावर पडले आणि मी सुखावले. आईला 'माहिर' म्हणतात हे ऐकलं तेव्हा मला माहेरच आठवलं. त्यात थोडा योगायोग आहे, पण सगळा नाही. माहेर हा शब्द मातृगृहावरून आला, म्हणजे पहिला 'मा' दोन्हीकडे त्याच आईचा.

मग बाईंनी फळ्यावर 'भाऊ' लिहिला, आणि तो 'ब्राहिर' नव्हता. तो होता 'द्रिहार'. मला वाटलं, नातं तुटलं. पण या शब्दाची जुनी फोड पाहिली तर तो 'देर्व्-ब्राथिर' असा आहे. 'देर्व्' म्हणजे खरा, पक्का, निश्चित. खरा भाऊ. म्हणजे सख्खा भाऊ.

त्यानंतर कित्येक दिवस मी या एकाच शब्दाच्या मागे होते. का बरं एखाद्या भाषेला सख्ख्या भावासाठी वेगळा शब्द करावा लागतो? उत्तर सरळ आहे. पहिला शब्द घराबाहेर गेलेला असतो. जुन्या आयरिशमध्ये 'ब्राथिर' म्हणजे भाऊ, आणि कुळातला कोणीही आप्तही. मग ख्रिस्ती मठ आले, आणि मठातला प्रत्येक जण दुसऱ्याचा भाऊ झाला. इतक्या लोकांचा भाऊ झालेल्या शब्दाकडून एका आईच्या पोटचा असा अर्थ निघेना. तेव्हा त्याच्या आधी 'खरा' जोडला गेला, आणि पुढे तो जोडच मूळ शब्द होऊन बसला. आज एनिसच्या शाळेतलं पोर आयरिशच्या तासाला भावाला 'द्रिहार' म्हणतं, आणि 'ब्राहिर' उरला आहे तो मठापुरता आणि शाळा चालवणाऱ्या धर्मबंधूंपुरता.

यात आयरिश एकटी नाही. स्पेनमध्ये आणि पोर्तुगालमध्ये हेच घडलं. लॅटिनचा 'फ्रातेर' तिथे संन्याशांनी नेला. स्पॅनिशमध्ये तो 'फ्राय' आणि 'फ्राइले' झाला, पोर्तुगीजमध्ये 'फ्रेइ' आणि 'फ्रादे'. घरातल्या भावासाठी लोक 'फ्रातेर गेर्मानुस' म्हणत, म्हणजे एकाच बीजाचा, अस्सल भाऊ. होता होता 'फ्रातेर' गळून पडला आणि नुसतं विशेषण उरलं. त्या 'गेर्मानुस'चा स्पॅनिश 'एर्मानो', पोर्तुगीज 'इर्मांव'. आपण 'सख्खा भाऊ' म्हणता म्हणता भाऊ सोडून द्यावा आणि उद्यापासून भावाला नुसतं 'सख्खा' म्हणू लागावं, असा तो प्रकार आहे.

आणि हा 'फ्रेइ' शब्द आपल्या किनाऱ्यावरही उतरला आहे. १५१७मध्ये फ्रान्सिस्कन गोव्यात आले. पुढे बार्देश तालुका त्यांच्याकडे होता. सतराव्या शतकात कोकणीचं व्याकरण लिहिणारा गास्पार द साँव मिगेल त्यांच्यातलाच, आणि त्याच्या नावाआधी 'फ्रेइ' लागतो. बार्देशच्या घराघरांत भावाला 'भाव' म्हणणाऱ्या माणसांसमोर तोच शब्द झगा घालून, समुद्र ओलांडून आला होता, आणि दोघांनीही एकमेकांना ओळखलं नाही. त्या काळात जे काही घडलं, देवळं पाडली गेली, माणसं बाटवली गेली, त्याकडे पाहिलं की या न ओळखण्याचं मला फार वाईट वाटतं.

बाकी युरोपभर हा शब्द इतका पसरला आहे की मोजदाद करण्यात अर्थ नाही. जर्मनांचा 'ब्रूडर', रशियनांचा नि पोलिशांचा 'ब्रात', लिथुआनियनांचा 'ब्रोलिस', रुमानियनांचा 'फ्राते', वेल्शांचा 'ब्राउद'. मूळच्या 'भ'चा कुठे 'ब' झाला, लॅटिनने आणि ग्रीकने 'फ' केला. वेल्श मला जवळची वाटते, कारण तिने 'ब्राउद' घरातही ठेवला आणि मठातही, आपल्यासारखा. मला सर्वांत आवडतो तो हंगेरीचा किस्सा. हंगेरियन ही आपल्या भाषाकुळातली भाषाच नाही. तिने शेजारच्या स्लाव्ह लोकांकडून 'ब्रात' उचलला आणि त्याचा 'बाराट' केला. अर्थ मात्र दोन: मित्र आणि मठवासी. सख्ख्या भावासाठी तिच्याकडे आपले स्वतःचे शब्द होतेच. परक्याच्या भावाला घरात घेताना तिने त्याला मित्र केलं, याहून चांगला पाहुणचार मला ठाऊक नाही.

इंग्रजीत एक भाऊ तर थेट आपल्याकडून गेला आहे. मित्राला तिथे 'पॅल' म्हणतात. हा शब्द रोमानी लोकांच्या 'फ्राल'वरून आला. हे रोमानी, ज्यांना युरोपने जिप्सी म्हणून हिणवलं, हजारेक वर्षांपूर्वी भारतातून निघालेले. त्यांच्या बोलीत 'भ्राता'चा 'फ्राल' झाला. रस्त्यावर तंबू ठोकणाऱ्या, गावाबाहेर हाकलल्या जाणाऱ्या माणसांचा शब्द इंग्रजांनी घेतला. माणसांना मात्र घेतलं नाही.

ग्रीकांची गोष्ट थोडी थांबून सांगायला हवी. त्यांच्याकडे 'फ्रातेर' हा शब्द होता, पण तो फार लवकर घराबाहेर पडला. अथेन्समध्ये 'फ्रात्रिया' म्हणजे कुळांचा संघ, आणि 'फ्रातेर' त्याचा सभासद. मग घरातल्या भावाला काय म्हणायचं? त्यांनी 'आदेल्फोस' शब्द वापरला. 'देल्फिस' म्हणजे गर्भाशय. एकाच गर्भातला तो आदेल्फोस. आपला 'सहोदर' अक्षरशः हाच. याहून घट्ट, याहून घरातला शब्द कुठून आणणार? पण पुढे ख्रिस्ती मंडळी जमू लागली आणि ग्रीक भाषेत एकमेकांना 'आदेल्फोस' म्हणू लागली. कुशीचा शब्दही अखेर दाराबाहेर गेला.

हे मी आमच्या शेजारच्या मल्याळी बाईंना सांगत होते. त्या परिचारिका आहेत, आमच्या चहाच्या वेळा जमतात. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे भावाला सहोदरनच म्हणतात, आणि आमचा सगळ्यांत मोठा सहोदरन तर एका घरापुरता सहोदर नव्हता." त्या सहोदरन अय्यप्पन यांच्याबद्दल बोलत होत्या. १९१७मध्ये केरळातल्या चेराई गावी या तरुणाने वेगवेगळ्या जातींच्या माणसांना एका पंगतीत जेवायला बसवलं. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानत त्या पुलयांसोबत बसून जेवण. अय्यप्पन स्वतः ईळवा. त्यांच्याच जातीच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलं, 'पुलयन अय्यप्पन' म्हणून चिडवलं. त्यांनी सहोदर संघ काढला, आणि 'सहोदरन' हेच त्यांचं नाव होऊन गेलं. ज्यांना एका विहिरीचं पाणी मिळत नव्हतं त्यांना एका उदरातले म्हणणं, या शब्दाचा याहून मोठा उपयोग कुणी केला असेल असं मला वाटत नाही.

त्याच १९१७ साली, उन्हाळ्यात, पूर्व क्लेअरच्या पोटनिवडणुकीत आयरिश स्वातंत्र्यलढ्याचे नेते एमॉन डी व्हॅलेरा निवडून आले. एनिसच्या न्यायालयासमोर त्यांचा पुतळा आहे. पुढे त्यांच्याच पुढाकाराने १९३७ची आयर्लंडची राज्यघटना झाली, आणि आपल्या घटनेतली मार्गदर्शक तत्त्वं त्या घटनेवरून घेतली गेली. बंधुता मात्र तिथून आली नाही. ती प्रास्ताविकेत आली बाबासाहेबांच्या मसुदा समितीकडून. २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात त्यांनी स्वातंत्र्य आणि समता यांच्या शेजारी तिला बसवलं, आणि जातींमध्ये विभागलेल्या समाजाला ती सोपी नाही हेही स्पष्ट सांगितलं. आपण हे त्रिकूट फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतलेलं नाही, बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतलं आहे, असंही ते पुढे म्हणाले. पुतळ्यासमोरून बाजारात जाताना मला हे सगळं आठवतं, आणि या परक्या गावाशी माझं काहीतरी देणंघेणं आहे असं वाटतं.

शब्दांचं हे नातं शोधणाऱ्यांमध्ये एक आयरिश माणूस आपल्या देशात राहिलेला होता. १७८६मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एका मुळातून निघाल्या असाव्यात असं सांगितलं. केल्टिकबद्दल तो जरा दबकत बोलला. तो आयरिश माणूस म्हणजे डब्लिनचा व्हिटली स्टोक्स. पुढच्या शतकात तो कायद्याच्या कामासाठी हिंदुस्थानात आला आणि गव्हर्नर जनरलच्या मंडळात विधी सदस्य झाला. दिवसा कायद्यांचे मसुदे आणि उरल्या वेळात जुनी आयरिश, असा त्याचा क्रम. कॉर्मकचा शब्दकोश हा आयरिश भाषेचा फार जुना कोश. त्याचं इंग्रजी भाषांतर स्टोक्सने संपादित करून १८६८मध्ये छापलं ते कलकत्त्यात. हुगळीच्या काठी खिळे जुळवणाऱ्या कोणा बंगाली कामगाराने आयरिश शब्द अक्षर अक्षर करून लावले असतील. त्याची भाषा आणि ती भाषा एकाच घरातल्या, हे त्याला कुणी सांगितलं असेल का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

आता भाऊपणाची दुसरी बाजू. एनिसचा मठ बांधणारे ओ'ब्रायन हे ब्रायन बोरू या जुन्या आयरिश राजाचे वंशज. तेराव्या शतकाच्या शेवटी त्यांच्यात फूट पडली. ब्रायन रुआ हा चुलता आणि तुर्लो हा पुतण्या, गादीसाठी समोरासमोर. चुलत्याने नॉर्मन सरदार टॉमस डी क्लेअरची मदत घेतली, आणि १२७७मध्ये त्याच डी क्लेअरने त्याला ठार मारलं. पुतण्या राजा झाला. तो १३०६मध्ये वारला आणि याच मठात त्याला पुरलं. पण दोन शाखांचं वैर पुढेही चाललं. अखेर १३१८मध्ये एनिसच्या उत्तरेला डिझर्ट ओ'डी इथे लढाई झाली, तीत त्याच डी क्लेअर घराण्यातला रिचर्ड पडला.

हे वाचताना मराठी माणसाच्या मनात शनिवारवाडा उभा राहतो. चुलता, पुतण्या, बाहेरून आणलेली इंग्रजांची मदत. खाडिलकरांनी १९०९मध्ये याच विषयावर नाटक लिहिलं आणि त्याला 'भाऊबंदकी' हेच नाव दिलं. भाऊ या शब्दाच्या पोटातून प्रेमाच्या शब्दाबरोबर वैराचाही शब्द निघावा, हे मराठीचं सत्य सांगण्याचं धाडस आहे. धाकट्या भावांसाठी मठ बांधणारे राजे आपसात मात्र भाऊबंदकीच करत होते.

बहिणीचं काय झालं? आयरिशमध्ये बहिणीचंही तेच झालं. जुना शब्द 'श्यूर', आपल्या 'स्वसृ'चा सख्खा भाऊबंद, तो आज नन म्हणजे जोगिणीसाठी राहिला, आणि घरातली बहीण झाली 'देरफ्यूर', खरी बहीण. मराठीने 'स्वसृ' सोडून दिली आणि 'भगिनी'ची बहीण केली. तरी ती पुरती गेली नाही. 'मातृष्वसा' म्हणजे आईची बहीण, तिची झाली मावशी. मावशीला हाक मारताना शेवटच्या 'शी'मध्ये आपण न कळत ती जुनी बहीण अजून उच्चारतो. जर्मन भाषेत सगळ्या भावंडांना मिळून 'गेश्विस्टर' म्हणतात, तो शब्द बहिणीवरून केलेला. आपल्याकडे 'भावंडं' भावावरून. कोणाच्या नावाने मुलं मोजायची, हे प्रत्येक भाषेने आपापलं ठरवलं.

इथे मला जे बोलायचं आहे ते येतं.

मी वाईला वाढले, मोठ्या घरात. उन्हाळ्यात सगळी मुलं एकत्र झोपायची, आणि त्यातला सख्खा कोण, चुलत कोण, आतेभाऊ कोण हे मला शाळेत जायला लागेपर्यंत नीट सांगता येत नव्हतं. सगळे भाऊ. 'सख्खा' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो कुणीतरी परक्या बाईने विचारला तेव्हा, "हा तुझा सख्खा का?" मराठीने किती सुंदर व्यवस्था केली आहे पाहा. चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ, मानलेला भाऊ, गुरुबंधू. विशेषणं बदलतात, भाऊ सुटत नाही. स्पॅनिशने शब्द मठाला देऊन टाकला, आयरिशने जोड करून वेगळा केला. मराठीने एकच शब्द घरात आणि दारात दोन्हीकडे राखला. भाजीवाल्यालाही भाऊ, ओवाळायचा तोही भाऊ.

आणि आता आपण तो आत ओढून घेतो आहोत. माझ्या भाच्या-पुतणींच्या पिढीत चुलतभावाला 'कझिन' म्हणतात. पुण्यातही म्हणतात, आणि इथे आमच्या मराठी मंडळींच्या दिवाळीत तर म्हणतातच. "हा माझा भाऊ नाही, कझिन आहे," असं एक गोड मुलगी मला म्हणाली, भाऊबीजेच्या दिवशी, हातात ताम्हण घेऊन. तिचा काही दोष नाही. पण त्या एका शब्दाने चार शब्द पुसले, आणि त्या चारही जणांना भावाच्या यादीतून बाहेर काढलं. गंमत म्हणजे हा 'कझिन' लॅटिनच्या 'कोन्सोब्रिनुस'वरून येतो, आणि त्यात लॅटिन बहीण दडलेली आहे. त्याचा पहिला अर्थ बहिणीबहिणींची मुलं. म्हणजे नेमका मावसभाऊ! भाऊ हटवायला जो शब्द आणला तोही मुळात नात्याचाच निघाला. युरोपच्या काही भाषांनी नवे शब्द केले कारण त्यांचा भाऊ जगभर झाला होता. आपण नवा शब्द घेतो आहोत तो भाऊ कमी करण्यासाठी. हे मला मान्य नाही. घरात मूल एकच असताना तर मुळीच नाही. ज्याला सख्खा भाऊ नाही त्याच्याकडून चुलत आणि मावसही काढून घेतले, तर त्याने भाऊ म्हणावं कुणाला?

शब्द असे हळूहळू जातात, तशी भाषाही जाते. क्लेअरच्या पश्चिम भागात १९२६मध्ये आयरिश बोलणारी गावं सरकारने नोंदली होती. १९५६ची यादी आली तेव्हा क्लेअरमधलं एकही गाव तीत नव्हतं. पण त्याआधी, १९३७ ते १९३९मध्ये, आयर्लंडच्या लोकसाहित्य आयोगाने एक काम केलं. देशातल्या सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतल्या पन्नास हजारांच्या आसपास मुलांना वह्या दिल्या आणि सांगितलं, घरी जा, आजी-आजोबांना विचारा, ते सांगतील ते लिहून आणा. त्या वह्या आजही जपून ठेवल्या आहेत. क्लेअरच्या मुलांनी लिहिलेल्याही त्यांत आहेत.

आपल्या शाळांना हे सहज जमेल. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या मुलांना एक पान द्या. मालवणीत, अहिराणीत, वऱ्हाडीत, झाडीबोलीत, भिलीत, तंजावरच्या मराठीत भावाला, भावजयीला, मावसभावाला, मानलेल्या भावाला काय म्हणतात, ते घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून आणायला सांगा. परदेशातल्या मराठी मंडळांनीही दिवाळीच्या कार्यक्रमात तासभर काढून हेच करावं. मी एनिसमध्ये या वर्षीपासून ते सुरू करते आहे. तुमच्याकडची पानंही भरायला लागा.